टाकीतलं पिवळं पान

“पान जसं असेल तसं सांगायचं. माझं मन राखायला म्हणून काही सांगायचं नाही. कबूल?”

दवाखान्यात निघताना सासऱ्यांनी सुनेला एवढंच बजावलं होतं. खुब्याचा सांधा बदलायचा होता आणि माणूस स्वतःची काळजी सोडून बाहेरच्या खोलीतल्या माशांच्या टाकीची करत होता. सून म्हणाली, “कबूल, बाबा.” तिचे रोजचे नेम होते आणि दिलेला शब्दही ती त्यातच धरायची.

टाकीत मासे आपले नावापुरते. सासऱ्यांचा खरा जीव पाण्यातल्या झाडांवर, त्यातही मधोमध उभ्या असलेल्या रुंद पानांच्या झाडावर. मुलगा शाळेत असताना बाप-लेकांनी मिळून ते लावलं होतं. आता मुलगा, म्हणजे हिचा नवरा, जहाजावर. वर्षातून एकदा घरी आला की दोघं टाकीपुढे खुर्च्या ओढून बसत, फारसं न बोलता. घरात इतर कुठे त्यांचं एवढं जमत नसे.

सासरे दवाखान्यात गेले आणि झाडाची नवी पानं फिकट निघू लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. फडताळात लोहाच्या खताची बाटली होती. सुनेने सकाळची पूजा आटोपली, हात जोडले आणि झाकणभर खत पाण्यात ओतलं. आठवड्यातून एकदाच द्यावं, असं बाटलीवर छापलेलं होतं. पण तिला वाटलं, नेम म्हटला की तो रोजचाच. ती रोज ओतू लागली.

फोनवर सासऱ्यांनी विचारलं, पानं कशी आहेत? त्यांच्या जिवाला घोर लावू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. “हिरवीगार आहेत,” ती म्हणाली.

मग काचेवर हिरवा लेप चढला. जुन्या पानांच्या कडांना शेवाळाची काळी लव फुटली, म्हाताऱ्यांच्या कानांत फुटते तशी. पिवळी पानं होती तशीच पिवळी, आणि धडधाकट होती तीही आता मान टाकू लागली.

एका संध्याकाळी ती बाजारातून लवकर परतली, तर सासूबाई स्टुलावर उभ्या, हातात तीच बाटली. आधी म्हणाल्या, धूळ पुसत होते. मग हातातल्या भरल्या झाकणाकडे बघून त्यांनाच हसू आलं. यांनी जन्मभर टाकीला बोट लावू दिलं नाही, तेव्हा ते घरात नसताना तरी थोडी सेवा घडावी, म्हणून रोज घालत होत्या.

“आई, मी सकाळी घालते.”

“आणि मी संध्याकाळी. बरं झालं, दुपारी घालायला घरात तिसरं कोणी नाही.”

दोघी पोट धरून हसल्या. मग टाकीकडे नजर गेली आणि सासूबाईंनी भरलेलं झाकण परत बाटलीत रिकामं केलं.

सासूबाईंनी सुचवलं, दुकानातून शेवाळाचं काहीतरी औषध आणू, काच घासून लख्ख करू, यांना पत्ताही लागणार नाही. सुनेला ते क्षणभर पटलंसुद्धा. पण पुन्हा चुकलं तर झाड हातचं जायचं, आणि मग घरी आलेला नवरा खुर्ची ओढून बसणार कुठे?

“नको, आई. आता आपल्या मनाने काही ओतायचं नाही. शब्द दिला होता तो मी मोडून बसलेय. उद्या जाऊन सांगते.”

“चिडतील गं.”

“चिडू देत. झाडाला काय हवंय ते त्यांनाच कळतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाही वर सारली, एक पिवळं पान आणि एक काळ्या लवेचं पान देठापासून कापलं आणि झाकणाच्या डब्यात टाकीतल्याच पाण्यात ठेवलं. सासूबाईंनी डबा फडक्यात घट्ट बांधून दिला.

“फार बोलले, तर सांग,” त्या हळूच म्हणाल्या, “संध्याकाळचं झाकण माझं.”

सुनेने मान हलवली. चप्पल पायात सरकवली आणि पाणी हिंदकळू नये म्हणून डबा दोन्ही हातांनी धरून ती सावकाश जिना उतरू लागली.