बळदातलं जनावर

सुंदररावांनी किल्ल्याच्या पडक्या तटावरून उडी टाकली आणि खालच्या कडब्याच्या गंजीतून ते कसेबसे उठले, तोच एका म्हातारीने त्यांचे मनगट धरले. तटावर बद्रीनाथ कॅमेऱ्याची मूठ फिरवत ओरडत होता, "पळा मास्तर, ओढ्याकडे पळा!" पण म्हातारीच्या पकडीत नांगर धरणाऱ्या हाताचा जोर होता. तिने त्यांना घरात ओढले, बळदाची फळी सरकवली आणि भिंतीतल्या त्या धान्याच्या अंधाऱ्या कोठीत लोटून दिले.

"मुकाट बस, लेकरा. शिपाई मागंच हाय."

सुंदररावांना हसू आले. नेकनूरच्या शाळामास्तराला ही खराखुरा कैदी समजली! कोणत्याही कंपनीच्या आधाराविना बद्रीनाथ हा तुरुंगातून पळालेल्या कैद्याचा सिनेमा काढत होता. कॅमेरा पुण्याहून उसना आणलेला, तुरुंग म्हणजे धारूरचा किल्ला, आणि खऱ्या तुरुंगाच्या दरोगासाहेबांनी मेहेरबानी म्हणून दिलेली खरी बेडी व खरा शिपाई, जलालुद्दीन. गावात दवंडी दिली होती. तटाखालच्या या म्हाताऱ्या बायनाबाईच्या एकट्या घरापर्यंत ती पोचली नसावी.

हाक मारून तिला सांगावे म्हणून ते वळले, आणि त्यांचा हात कुणाच्या तरी गुडघ्याला लागला.

"कोन्च्या बराकीचा बे तू?" अंधारातून कुजबुज आली.

सुंदररावांनी हात मागे घेतला.

"बोल की. मी तिसऱ्या बराकीचा." खरबरीत बोटे चाचपडत त्यांच्या बेडीपर्यंत आली. कैद्याच्या बेडीचा खिळा ठोकून पक्का करतात; सुंदररावांची बेडी जेवताना काढता यावी म्हणून सुतळीने आवळली होती. बोटे त्या गाठीवर थांबली. मग सावकाश मागे गेली. श्वासाचा आवाजसुद्धा उरला नाही.

बाहेर पावले वाजली.

"हिकडं कुनी न्हाई आलं," बायनाबाई म्हणाली.

जलालुद्दीन शिपाई खदखदून हसला. "आजी, त्यो चोर न्हाई, मास्तर हाय! खेळ चाललाय."



"काय प्रसंग सापडला!" बद्रीनाथ धापा टाकत आला. "फळी काढा. कॅमेरा दारात लावू, आरशाने आत ऊन टाकू. दडलेला कैदी दिसलाच पाहिजे!" आणि तो आरसा आणायला अंगणात धावला.

आतला माणूस कोण, कोणत्या गुन्ह्यासाठी कोंडलेला, हे सुंदररावांना ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होता तो फक्त त्याचा थांबलेला श्वास. ते फळी सरकवून बाहेर आले आणि पाठ त्या फटीला लावून उभे राहिले.

"आत जनावर आहे," ते म्हणाले. "भलं मोठं, फणा काढून बसलंय."

"सरका, मास्तर." जलालुद्दीनने काठी सावरली. "ठेचतो."

काठीला वाट सुंदररावांनीच दाखवली होती.

"मारायचं न्हाई!" बायनाबाई आडवी आली. "बळदातलं जनावर राखनदार असतंय. या घरात आजवर कुनी त्याला काठी लावली न्हाई."

"मग कशापायी कापतीस एवढी?" जलालुद्दीनने विचारले.

त्याने तिला हलकेच बाजूला केले, गुडघे टेकले आणि मान आत घातली.

मान बराच वेळ बाहेर आली नाही. काठीवरची त्याची बोटे तेवढी पांढरी पडत गेली.

जलालुद्दीन उठला तेव्हा त्याच्या मिशांना भुसा चिकटला होता. फळी त्याने स्वतःच्या हाताने लावली, आणि दोनदा दाबून पाहिली.

"राखनदारच हाय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. मग अंगणाकडे तोंड करून ओरडला, "साहेब, हिथं नको! लई इखारी जनावर हाय. ओढ्याकडं चला, ऊन उतरतंय."

बद्रीनाथ हळहळत, आरसा काखेत मारून पुढे निघाला. सुंदरराव त्याच्यामागून चालू लागले, पण उंबऱ्यापाशीच त्यांचे पाऊल अडखळले. जलालुद्दीन तिथे थांबून पागोट्याची घडी नीट करत होता.

"आजी," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "उद्या माझी पाळी न्हाई. दुसरा शिपाई येतोय."