आखूड होत चाललेली दोरी

मित्रांनो, मी एक जुना बोया आहे. जाळं बुडू नये म्हणून त्याच्या काठाला बांधतात ना, तो पोकळ गोळा. रंग एके काळी झकास नारिंगी होता, आता उन्हाने पार उतरला आहे. स्वभाव मात्र पहिल्या दिवसापासून आहे तोच आहे. माझा कुणावर विश्वास नाही. तुमच्यावरही नाही, राग मानू नका. मालवणच्या किनाऱ्यावर सुट्टीत येणारी मुलं बोया दिसला की आधी लाथ मारून बघतात, त्यामुळे जरा लांबच बसा आणि ऐका.

मी एका कारखान्यात जन्मलो. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्यासारखेच ढीगभर भाऊ शेजारी होते, आणि त्यातले काही भोक पडलेले निघाले. दिसायला अगदी माझ्यासारखेच होते हो! तेव्हापासून कुणी कितीही गोल गरगरीत आणि हसतमुख दिसलं तरी याला खालून भोक तर नाही ना, असं माझ्या मनात येतंच.

बाबली रापणकराने मला विकत घेतलं आणि आपल्या रापणीला बांधलं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते टाकत अर्धगोल फिरून येते, मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या सगळी वाडी मिळून ओढते. रापणीचा एक कायदा आहे. ज्याचा हात दोरीला लागला त्याला माशांचा वाटा मिळतो, मग तो म्हातारा असो की सहज आलेला पाहुणा. वाळूत ढीग लावतात, आणि एक ढीग जाळ्याचाही काढतात. काही लोक नुसती दोरी धरल्याचं सोंग करायचे. मी तरंगता तरंगता सगळं बघत असे. पण बाबली म्हणायचा, हात लागला ना, मग झालं. आणि मासळी चांगली लागली की माझ्या पाठीवर थाप मारायचा. ते दिवस खरंच चांगले होते.

पुढे खोल पाण्यात मोठ्या बोटी आल्या, किनाऱ्याला मासळी येईना आणि रापण उठली. बाबली दुसऱ्याच्या बोटीवर कामाला गेला, तो महिन्यातले बरेच दिवस समुद्रातच. मला आणि जाळ्याला मांगरात, म्हणजे घरामागच्या कौलारू खोपटात टाकलं. जाळं उंदरांनी खाल्लं. माझ्यावर एक कोंबडी बसू लागली. तिला मी अंडं वाटत होतो की काय, देव जाणे.

तिथून मला बाहेर काढलं ते बाबलीच्या मुलीने, संचिताने. तिची आई ती लहान असतानाच गेली, तिला वाढवलं मथुराने, बाबलीच्या थोरल्या बहिणीने. संचिता दहावीत आहे आणि एक भलताच खेळ खेळते. त्याचं नाव बायॅथल. आधी धावायचं, मग पोहायचं, आणि पोहून जीव जायची वेळ आली की परत धावायचं. असला खेळ कुणी आणि का काढला असेल, याबद्दलही मला शंका आहे. ती भर समुद्रात सराव करते म्हणून बाबलीने माझी दोरी तिच्या कमरेला बांधली. ती पोहते आणि मी मागून डुलत जातो. दमली तर मला धरायचं, एवढंच माझं काम.

तर मित्रांनो, ही पोरगी परदेशातल्या स्पर्धेसाठी निवडली गेली. नाक्यावर अभिनंदनाचा फलक लागला. त्यावर तिचा फोटो एवढासा आणि अभिनंदन करणाऱ्यांचे केवढाले! सगळे खुश होते. एक मथुरा सोडून. ती बरं म्हणाली नाही की वाईट म्हणाली नाही, नुसती मासे साफ करत राहिली. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

मग एके दुपारी, संचिता शाळेत असताना, मथुरा मांगरात आली. हातात सुरी. तिने खुंटीवरून मला उतरवलं, माझी दोरी बोटांतून सरकवत नेली आणि मधूनच कापली. माझा तर श्वासच अडकला, म्हणजे आत जी हवा आहे ती. कापून तिने पुन्हा गाठ मारली आणि मागे वळून बघत निघून गेली. काही दिवसांनी परत तेच. दर वेळी दोरी थोडी आखूड व्हायची. एकदा तर निळ्या दोरीत तिने हिरवा तुकडा जोडला. जे काम उजळ माथ्याने करता येतं ते कुणी असं चोरून करतं का, तुम्हीच सांगा.

दोरी आखूड झाली तसा मी संचिताच्या पायांवर आपटू लागलो. तिचा वेग कमी झाला. तिने दोरी हातात घेतली, हिरवा तुकडा बघितला आणि ओठ घट्ट मिटले. तिलाही कळलं की यात आत्याचा हात आहे.

त्यातच शाळेचं झालं. मथुरा एकदा भर उन्हात ठेवणीतलं लुगडं नेसून शाळेच्या वाटेने गेली. लगेच दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिका सारिकाबाईंनी संचिताला बजावलं, की विज्ञानाची सगळी प्रात्यक्षिकं आणि तोंडी परीक्षा जायच्या आधी संपव, त्याशिवाय परवानगी नाही. बाकीच्या मुलांना तर अजून बराच अवकाश होता. संचिता वाळूत बसून पाठांतर करायची, आम्ल आणि आम्लारी, आरशाचे नियम, आणि मधूनच पुस्तक आपटायची. मला म्हणाली, "आतयेक माका धाडूचा नाय. दोरी आखूड करून बगल्यान, आता शाळेत जावन सांगल्यान." मी म्हटलं, अगदी बरोबर ओळखलंस. पण बोयाचं बोलणं कुणाला ऐकू जातं!

घरात दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत होत्या. आत्याने वाढलेलं ती जेवत होती, पण वर बघत नव्हती.

शेवटची तोंडी परीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी कणकवलीहून गाडी पकडायची होती. निघायच्या दिवशी सकाळी संचिता शेवटच्या सरावाला पाण्यात उतरली. रागात होती. नेहमीच्या खडकापाशी वळायचं सोडून पुढेच गेली. ओहोटी लागली होती आणि पाणी बाहेर ओढत होतं. मला ते कळत होतं, कारण मी तिच्या मागे राहायचं सोडून पुढे पळायला लागलो होतो. तेवढ्यात तिच्या पोटरीत गोळा आला. ती एकदा खाली गेली, वर आली, परत खाली गेली. मग तिने सगळा भार टाकून माझी दोरी ओढली.

मित्रांनो, खरं सांगतो, मी मनातल्या मनात ओरडलो, की ओढू नकोस, ती दोरी मथुराने कापली आहे! आता ती हिरव्या गाठीपाशी सुटणार, मी एकीकडे जाणार आणि पोरगी एकीकडे.

गाठ सुटली नाही. उलट जितका भार पडला तितकी आवळत गेली. दोरीवर हातामागून हात टाकत संचिता माझ्यापर्यंत आली आणि मला छातीशी धरून पडून राहिली. तिचं काळीज माझ्या अंगावर धडधडत होतं. पायातला गोळा उतरल्यावर ती पाठीवर पडली, पाण्याच्या ओढीला आडवी होऊन हळूहळू किनाऱ्याकडे सरकली.

किनाऱ्यावर मथुरा होती. कमरेएवढ्या पाण्यात, लुगड्यासकट. हिला पोहता येत नाही, आणि तरी ती तिथवर आली होती. ती रोजच माडांच्या आड उभी राहायची, हे मला त्या दिवशी कळलं. तिने पोरीला ओढून वाळूत बसवलं आणि पोटरी चोळली. संचिता हिरवी गाठ चाचपत होती.

"आते, दोरयेक तू हात लावलंस?"

"लावलंय. कुजलेली होती ती, जागोजाग. कुजका काढलंय आणि रापणीच्या दोरयेचो तुकडो जोडलंय. नवी दोरी निसरडी, तिची गाठ सरकता."

"मगे माका सांगूक काय झाला?"

मथुराने पदराने तोंड पुसलं. "सांगलंय असता तर माका भिया वाटता ह्या तुका कळला असता. मगे तू गेलंच नसतंस, चेडवा."

मग शाळेचंही बाहेर आलं. संचिता परदेशात असतानाच वर्गाची प्रात्यक्षिकं येणार होती. ती चुकली तर वर्ष जाईल, म्हणून हिची आधीच घ्या, असं विनवायला मथुरा बाईंकडे गेली होती. संचिता हे ऐकून रडली. मथुराही रडली. मीही ओला होतो, पण ते समुद्राचं पाणी.

मी संशय घेतला यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. सुरी घेऊन येणाऱ्याचा संशय येणारच. पण मी दोरी कापलेली बघितली आणि कुजलेली बघितली नाही, हेही खरं.

संचिता गेली आणि आली. पदक मिळालं नाही. मिळालं असतं तर ते खरं आहे का, हे मी आधी बघितलं असतं. आल्या दिवशी तिने सगळ्यांना किनाऱ्यावर बोलावलं आणि तिकडून आणलेल्या चॉकलेटांचे वाळूवर कागद पसरून ढीग लावले, रापणीला लावतात तसे. एक बाबलीचा. एक सारिकाबाईंचा. एक मथुराच्या पुढ्यात सरकवला, तो सगळ्यांत मोठा.

"माका कित्याक? मी खंय पवलंय?" मथुरा म्हणाली. ती कुठे पोहली होती!

"दोरयेक हात लागलो काय वाटो लागलो," संचिता म्हणाली. "कायदो मोडूक माका येवचो नाय."

मथुराने ढीग पदरात घेतला आणि पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला. मग संचिताने एक छोटा ढीग माझ्यापुढे ठेवला. जाळ्याचा असतो ना, तसा. तो लगेच एका कावळ्याने नेला. त्याचा हात दोरीला कधी लागला होता, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी असेल. न सांगता दप्तराचा उसवलेला बंद शिवणारं, सायकलची सैल झालेली साखळी बसवणारं, वर तुमचा रागही सोसणारं. संशय घ्या, माझी काही हरकत नाही. पण घेतलात तर अर्ध्यावर सोडू नका, पुढे होऊन विचारा. आणि मांगरात माझ्यासारखं कुणी जुनं पडलं असेल तर त्याची दोरी मधूनमधून ओढून बघा, ती आतून कुजते आणि वरून दिसत नाही.

मथुरा अजूनही दुपारी येते. खुंटीवरून मला उतरवते, गाठ ओढून बघते. हातात सुरी असते. मी आता तिच्या सुरीकडे बघत नाही.