हलू नका

यांत्रिक हाताने पेन कागदावरून उचललं आणि तो हवेतच थांबला. खुर्चीत बसलेल्या दुकानदाराचे खांदे हसून हसून गदगदत होते. त्याचं चित्र कपाळ आणि एका डोळ्यापर्यंतच आलं होतं.

यंत्र सांभाळणारी मुलगी उठून मंचापाशी आली. सकाळपासून ही पाचवी वेळ होती. चेहरा जरा हलला की हात थांबतो, आणि संध्याकाळपर्यंत दीडशे चेहरे व्हायला हवेत, असं तिने माइकवर विनोद सांगत उभ्या असलेल्या मास्तरांना समजावलं. शहराला दीडशे वर्षं झाली म्हणून दीडशे नागरिकांची चित्रं सभागृहाच्या भिंतीवर लागायची होती. रांगेतल्यांना हसवा, खुर्चीतल्याला नको, एवढंच तिचं मागणं होतं.

विनोद ऐकावा पण हसू नये, अशी अट मास्तरांना बावीस वर्षांत कुणी घातली नव्हती. एरवी ते शाळेत भूगोल शिकवत आणि शहरातल्या कार्यक्रमांत लोकांना हसवत. आजही लोक हसत होते, पण ते जुन्याच विनोदांना. नवे सुचत नव्हते असं नाही. चांगला कुठला आणि पांचट कुठला, हेच त्यांना कळेनासं झालं होतं. पूर्वी प्रत्येक विनोद आधी शेजारी राहणाऱ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या स्वयंपाकघरात जायचा. भांडी घासता घासता ती हसली तर ठेवायचा, नाही हसली तर गेला केराच्या टोपलीत. अकरा महिन्यांपूर्वी तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा तापाने गेला. तेव्हापासून ताई सगळी कामं करायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची, फक्त हसायची नाही. तिच्यापुढे विनोद सांगायला मास्तरांची जीभच रेटत नव्हती.

दुपारी ताई त्यांचा घरी विसरलेला डबा घेऊन आली. रांगेतले बरेच जण जेवायला पांगले होते, खुर्ची रिकामी होती. मुलीने तिलाच बसायची विनंती केली. ताई नको म्हणाली नाही. अलीकडे ती कशालाच नको म्हणत नसे.

मास्तरांनी माइक उचलला. मुलीचं मागणं त्यांच्या लक्षात होतं, पण आता ते पाळायचं नव्हतं. ताई एकदा हसू दे, मग यंत्र कायमचं बंद पडलं तरी बेहत्तर, असं त्यांना मनापासून वाटलं. आजवर कुणालाच न सांगितलेला विनोद त्यांनी काढला.

"आपलं शहर दीडशे वर्षांचं झालं म्हणतात. आमच्या गल्लीतला खड्डा त्याहून जुना आहे. आधी खड्डा होता, लोक त्याच्या कडेला नंतर राहायला आले."

मग धीर न धरवून त्यांनी पुढे जोडलं, "म्हणजे काय, रस्ते फार खराब झालेत हो."

उरलेली रांग हसली. ताईचा चेहरा तसाच होता. पेन कानावरून हनुवटीकडे उतरलं, ओठांपाशी आलं, ओठ काढून पुढे गेलं. मास्तरांनी आणखी दोन विनोद सांगितले. हात एकदाही थांबला नाही.

"दोन मिनिटांत झालं," मुलगी खूश होऊन म्हणाली. "आज इतकं छान कुणीच बसलं नव्हतं."

मास्तर मंचावरून खाली आले. ताईने चित्र पाहिलं, मुलीला परत दिलं आणि डब्याची पिशवी भावाच्या हातात ठेवली.

"खड्ड्याचा चांगला आहे," ती म्हणाली. "शेवटचं वाक्य काढून टाक. समजावून कशाला सांगतोस?"



"तुला हसू आलं?" मास्तरांनी विचारलं.

"एरवी आलं असतं," ताई म्हणाली.

गार व्हायच्या आत जेवून घे, असं बजावून ती निघाली. मास्तरांनी डबा उघडला नाही. ते पुन्हा मंचावर चढले आणि खुर्चीत नवा माणूस बसताच तोच विनोद त्यांनी शेवटचं वाक्य गाळून सांगितला. लोक मघापेक्षा कितीतरी मोठ्याने हसले. मुलीने कपाळाला हात लावला. मास्तर दाराकडे बघत होते. ताई केव्हाच रस्त्याला लागली होती.