तरंगलेला माल

"पाणी सांगेल त्यावर जाऊ नकोस, पोरी. आधी तार तापव, मग भट्टी भर."

वडील गेले, पण त्यांचा आवाज शेडमध्येच राहिला होता. ताईला तो आज नको त्या वेळी ऐकू आला. टाकीच्या कडेला जाहिरातीच्या पांढऱ्या प्लास्टिक फलकाचा एक तुकडा पडला होता, बोटाएवढा जाड आणि वजनाला काहीच नाही असा.

टाकाऊ प्लास्टिक वितळवून जळणाचं तेल काढायचं, हा त्यांचा धंदा. माल आधी पाण्यात टाकायचा. तरंगेल तो भट्टीत, बुडेल तो बाहेर. बुडणाऱ्यात पाइपांच्या जातीचं प्लास्टिक असतं. ते भट्टीत गेलं की तेलात आम्ल उतरतं.

तिने तांब्याची तार लाल केली, तुकड्याला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार झाली.

"ही पाइपाचीच जात," ती म्हणाली.

धाकटा भाऊ हात पुसत आला. "अगं, पण सगळा माल तरंगला. माझ्या डोळ्यांदेखत."

"आत बुडबुडे आहेत त्याच्या. हवा तरंगली, आपण प्लास्टिक समजलो. तार तापवली होतीस?"

"तुझी तार म्हणजे सासूबाई. खोट काढल्याशिवाय घास उतरत नाही तिला."

ताई हसली नाही. "कुठल्या भट्टीत गेला हा?"

"परवाच्या." मग आवाज खाली गेला. "सकाळच्या टँकरमधलं तेल त्याचंच."

टँकर गेला होता कापड रंगवणाऱ्या कारखान्यात. त्यांचं एकमेव बारमाही गिऱ्हाईक. दुपारी तिथला बॉयलर पेटायचा.

भावाचंही चुकलं असं सरळ म्हणता येईना. स्वच्छ प्लास्टिक आता मोठे कारखानदार वाटेल त्या भावाने उचलत. ते विकत घेऊन तेल काढलं, तर तेलाला येणारी किंमत मालातच संपायची. भट्टीची दुरुस्ती, मजुरी, उरलेल्या काजळीची विल्हेवाट, सगळं अंगावर. कुणालाच नको असलेला माल मिळाला, तरच शेड चालायची. फलकवाल्याने तर जुने फलक उचलून नेण्याचे वर पैसे दिले होते. भाऊ हरखला यात नवल ते काय?

तिने कारखान्यात फोन लावला. फाटकावरच्या रखवालदाराने उचलला.

"बॉयलरवाले आत आहेत, बाई. आत फोन चालत नाही."

"त्यांना म्हणावं, आजचं तेल पेटवू नका."

"माझ्या सांगण्याने बॉयलर थांबायला मी काय मालक आहे? निरोप देतो, पण भरवसा धरू नका."

भाऊ समोरच उभा होता. "दिलास ना निरोप? झालं तर मग. एका टँकरने काय बॉयलर फुटणारे? नळ्या झिजतील, तेही सावकाश. आपलं नाव कोण घेतंय?"

"धूर कोण घेतंय, ते बोल."

बॉयलरवाला दिवसभर बॉयलरच्या दाराशी उभा असायचा. पहिला टँकर उतरवताना त्यानेच तिला म्हटलं होतं, "आमचे मालक निरोपावर काम थांबवत नाहीत. शंका आली तर तुम्ही समोर येऊन सांगा, म्हणजे मला झडप बंद करता येईल." आणि ती बोलून गेली होती, "येईन."

"तू तिथे गेलीस की करार गेला," भाऊ म्हणाला. "टँकर परत येईल, पुढच्या महिन्यात शेडला कुलूप. मी काय सांगू बायकोला?"

ताईने खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढली.

"थांब ना जरा. पेटतंय का तरी बघू."

ताईने घड्याळाकडे पाहिलं. भट्टीखालचा जाळ बंद केला. आजच्या भरणीतही तोच माल होता.

"गार झाल्याशिवाय झाकण उघडू नकोस," ती हळूच म्हणाली, "आणि उरलेले फलक वेगळे रच."

तिने स्कूटर ढकलत फाटकाबाहेर काढली आणि मागे न बघता कारखान्याच्या रस्त्याला लावली.