बाळ बसूनच राहिलं

गाडी शिकवणाऱ्या बाईंच्या पोटात बाळाने आठव्या महिन्यातच ठाण मांडलं. डोकं वर, बूड खाली. शिकाऊ माणसाच्या शेजारी, जादा ब्रेकवर पाय ठेवून बाई बसत, तेव्हा ते टणक डोकं उजव्या बरगडीत असं रुतायचं की श्वास अर्ध्यावरच अडायचा. मग त्या एका हाताने डोकं हळूच बाजूला सारत आणि म्हणत, "गिअर बदला. माझ्याकडे काय बघताय? रस्ता तिकडे आहे."

नववा लागला तरी बाळाने मुक्काम हलवला नाही. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट टेकवलं. "हे डोकं, अजून वरच. आता आत जागा कमी, आपणहून फिरेल असं वाटत नाही. पण पाणी चांगलं आहे, वारही अडचणीच्या जागी नाही. बाहेरून हाताने फिरवून बघता येईल. नाहीच जमलं तर सिझेरियन."

"बघूया फिरवून," बाई तिथल्या तिथे म्हणाल्या.

बाईंचा स्वभावच तसा. चौकात गाडी बंद पडली आणि मागे भोंग्यांचा कल्लोळ उठला, तरी शिकाऊला त्या शांतपणे सांगायच्या, "वाजवू दे त्यांना, आपण चावी फिरवू." त्यांचा नवरा कवळ्या बनवायचा. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून तो घाबरला की स्वतःचे खायचा. त्या दिवशी मात्र त्याने विनोदाचा आधार घेतला. "तू सगळ्या गावाला यू-टर्न शिकवलास आणि घरचाच विद्यार्थी..."

"हा विनोद सकाळपासून चौथा माणूस करतोय," बाई म्हणाल्या. "तू तरी नवा शोध."

सासूबाई हसल्या नाहीत. धुतलेल्या कपबशा पुन्हा धुवत राहिल्या. मुलगा कामाला गेल्यावर हात पुसत समोर येऊन बसल्या.

"अगं, फिरवाफिरवीच्या भानगडीत पडू नकोस. सरळ ऑपरेशन कर."

"का हो आई? डॉक्टर स्वतः करणार आहेत."

सासूबाई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. "तुझ्या नवऱ्याच्या आधी मला मुलगी झाली होती. पायाळू. घरीच होते मी. एक बाई आली, म्हणाली, मी फिरवते. पोट चोळून चोळून काळंनिळं केलं तिने. फिरलं काहीच नाही. पाय आले, अंग आलं, आणि डोकं अडकलं." त्यांनी पदराचं टोक सोडलं. "त्याला कधी सांगितलं नाही. काय सांगायचं?"

बाई उठल्या, पोट सावरत सासूबाईंच्या शेजारी जाऊन टेकल्या. म्हणाल्या, "आई, उद्या तुम्ही माझ्याबरोबर चला. तुमच्या मनातलं सगळं डॉक्टरांना विचारा. तुमचं समाधान झालं नाही, तर मी पुन्हा विचार करीन."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना वकिलासारखं उभं-आडवं विचारलं. वार सुटली तर? नाळ आवळली तर? डॉक्टरीणबाईंनी काहीच झाकलं नाही. तसं क्वचित होतं, म्हणाल्या. म्हणूनच हे घरी करायचं नसतं. बाळाचे ठोके सतत बघतात, आणि शेजारचं ऑपरेशन थिएटर तयार ठेवतात.

"आणि तुम्ही थांबणार कधी?"

"ठोके मंदावले की. किंवा ह्या 'थांबा' म्हणाल्या की. जोर लावून ओढाताण करायची नसते, आजी."

'आजी' म्हटल्याबरोबर सासूबाई जरा सैलावल्या. "मी तिथे उभी राहणार," एवढंच म्हणाल्या.

ठरल्या दिवशी गर्भाशय सैल पडावं म्हणून बाईंना इंजेक्शन दिलं. पोटावर गार, बुळबुळीत जेल फासलं. डॉक्टरीणबाईंनी एका हाताने बाळाचं बूड वर उचललं, दुसऱ्याने डोकं पुढे ढकललं. बाईंनी दात आवळले. कळ नव्हती, पण आतून कोणी कपाट सरकवतंय असा दाब होता. डोकं बरगडीखालून निघालं, कुशीपर्यंत आलं, पोट आडवं फुगलं. सासूबाईंनी बाईंचा हात घट्ट धरला. आणि बाळ अलगद घसरून होतं तिथे जाऊन बसलं.

"पुन्हा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पुन्हा."

दुसऱ्या खेपेला यंत्रातली टकटक मंदावली. सासूबाईंच्या तोंडून "थांबा!" निघालं, पण डॉक्टरीणबाईंचे हात त्याआधीच बाजूला झाले होते. खोलीत कोणी हललं नाही. मग टकटक पुन्हा भरभर चालू झाली. बाईंनी डोळे मिटले. बंद डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत ओघळलं. ते त्यांनी येऊ दिलं. सासूबाईंनी पदराने टिपलं.

थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "बस झालं. त्याला बसायचंय तर बसू दे. आपण दार उघडून बाहेर काढू. तारीख सांगा, डॉक्टर."

घरी परतताना गाडी नवरा चालवत होता. मागच्या सीटवरून सासूबाईंनी त्याला त्याच्या बहिणीची गोष्ट सांगितली. त्याने गाडी कडेला घेतली, उतरला, मागे जाऊन आईच्या शेजारी बसला. बाईंनी दोघांना बसू दिलं. पुढे घरापर्यंत गाडी कोणी चालवली, हे डॉक्टरीणबाईंना कळलं असतं तर त्या रागावल्याच असत्या.

सिझेरियनच्या दिवशी मुलगी आली ती बूड पुढे करून, अगदी ऐटीत. दोन्ही पाय सरळ वर, अंगठे कानापाशी. नर्सने सांगितलं, पोटात अशीच घडी घालून बसली होती, पाय खाली यायला थोडे दिवस लागतील. अशा बाळांचे खुबे तपासावे लागतात, तेही पुढे तपासले. काही दोष नव्हता.

दुपारच्या उन्हात सासूबाई नातीला मोजे घालायला बसल्या. पाय हळूच खाली घेतला, मोजा चढवला, हात सोडला; पाय टुणकन कानापाशी! पुन्हा खाली घेतला, पुन्हा वर. सासूबाईंना हसू आवरेना.

"काय गं ही! जन्मतःच हात टेकायला लावतेय."

"आई, हसवू नका हो," बाई टाक्यांवर उशी दाबत म्हणाल्या, "दुखतंय." आणि स्वतःच खुदकन हसल्या.