चार दुखणी आणि पाचवी

तिला सगळे पाचवीच म्हणत. चौघींच्या रिले संघात पाचवी असणं म्हणजे गाडीच्या डिकीतली स्टेपनी असणं. असते तोवर कुणाला आठवत नाही, आणि नसली की सगळ्यांचे चेहरे पडतात. संघाबरोबर ती तीन मोठ्या स्पर्धांना परदेशी जाऊन आली होती. तिन्ही वेळा तिने काय केलं, तर बाटल्या भरल्या, छातीवरच्या नंबरांना टाचण्या लावल्या, चौघींचे स्वेटशर्ट सांभाळले आणि ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. तरी दरवेळी ती अंग पुरतं गरम करायची, खिळ्यांचे बूट चढवायची, नाड्या आवळायची. शर्यत सुटली की खाली बसून त्याच नाड्या सोडायची. घरी तिची तीन वर्षांची लेक टीव्हीच्या काचेला नाक लावून विचारायची, आई कुठंय? मग बाबा पडद्याच्या कोपऱ्यातल्या सामानाच्या ढिगावर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, ती बघ, त्या पिशव्यांच्या मागे.

यंदा मात्र नवलच घडलं. आजवर पदकवाल्यांना बक्षीस आणि बाकीच्यांना टाळ्या असा रिवाज होता. यंदा स्पर्धा भरवणाऱ्यांनी जाहीर केलं की जो खेळाडू स्पर्धेत उतरेल त्याला उतरल्याचे पैसे मिळतील. जिंको, हरो, धडपडो, मेहनत केली ना, मग मोबदला घ्या. जेवणाच्या हॉलमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. काही जुन्या पदाधिकाऱ्यांनी नाकं मुरडली, पैशानं खेळ बाटेल म्हणाले. त्यावर रेडिओने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की साहेबलोकांच्या गाड्यांनी आणि हॉटेलांनी जो खेळ इतकी वर्षं बाटला नाही, तो आमच्या पगारानं कसा काय बाटेल? रेडिओ म्हणजे संघात दुसरा टप्पा धावणारी. झोपेतसुद्धा तिचं स्टेशन चालू असे, म्हणून हे नाव.

अट एकच होती. निदान एका शर्यतीत पाय ट्रॅकवर पडला पाहिजे. राखीव खेळाडूला यायचं-जायचं तिकीट, दोन वेळचं जेवण आणि शुभेच्छा.

पाचवीला ही अट कळली तेव्हा तिने मान हलवली आणि बाटल्या भरायला घेतल्या. पण आत कुठेतरी काहीतरी खळ्ळकन फुटलं. घरी ठरून गेलं होतं की ही शेवटची स्पर्धा. नवरा शाळेची बस चालवायचा. पहाटे तो बसवर आणि ही सरावाला, तेव्हा छोटीला शेजारच्या काकू सांभाळत, आणि काकूंनाही पोट होतं. मामेसासऱ्यांचं पडद्यांचं दुकान होतं, तिथे गल्ल्यावर बसायला माणूस हवं होतं. नवरा वाईट नव्हता. उलट तोच पहाटे उठून तिचे बूट पुसून ठेवायचा. पण आशेवर घर चालत नाही, एवढं दोघांनाही समजत होतं. आता हे उतरल्याचे पैसे मिळाले असते, तर आणखी एक वर्ष निभावलं असतं. काकू, बूट, सराव, सगळंच.

हे सगळं ती नवऱ्याशी फोनवर बोलली, ते न्हाणीघरात दार लावून. खेळाडूंच्या निवासातलं ते न्हाणीघर असं घुमायचं की आत कुजबुजलेलं बाहेर भाषण होऊन यायचं. "नाही रे, मला नाही मिळायचे. मी पळतच नाही ना. मामांना सांग, पहिल्या तारखेपासून येते दुकानात," हे तिचं वाक्य बाहेरच्या चारही पलंगांवर स्वच्छ ऐकू गेलं.

रात्रीच्या जेवणाला ताईने विषय काढला. ताई संघाची कप्तान, शेवटचा टप्पा धावणारी, वयाने सगळ्यांत मोठी. ती म्हणाली की आपण चौघी आपल्यातलं थोडं थोडं बाजूला काढू. पाचवीने चमचा खाली ठेवला.

"मी पळाले नाही त्याचे पैसे मी घेणार नाही, ताई. पळाले असते ना, तर एक दमडीही सोडली नसती."

एवढं बोलून ती ताट घेऊन उठली. मागे चौघी चार दिशांना बघत बसल्या. त्यानंतर त्या एकमेकींशी या विषयावर चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

दुसऱ्या दिवशी प्राथमिक फेरी होती. प्रशिक्षक सरांनी चौघींची नावं नेहमीसारखी देऊन टाकली होती. सरांच्या डोक्यात वर्षानुवर्षं एकच गोष्ट असे, बॅटन कोण कुणाच्या हातात कसं देतं. पैसा, पगार, अटी हे त्यांच्या कानावरून जायचं, कानात जायचं नाही. पाचवी सरावाच्या मैदानावर बाटल्या मांडत होती, तेवढ्यात सांगावा आला की लगेच डॉक्टरांच्या खोलीत ये.

ती आत गेली. ताई कमरेवर हात ठेवून भिंतीला टेकली होती. बारकी, म्हणजे पहिला टप्पा धावणारी, चणीने लहान आणि सुटायला गोळीसारखी, ती बाकावर मुटकुळं करून पोट धरून पडली होती. शिडी, तिसऱ्या टप्प्याची, सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत वेगवान, उजव्या मांडीवर बर्फाची पिशवी ठेवून बसली होती. आणि रेडिओ गप्प होती. गळ्याकडे बोट दाखवून नुसती मान हलवत होती. या शेवटच्या दृश्यालाच पाचवी सगळ्यांत जास्त घाबरली. रेडिओ गप्प, म्हणजे साथ आली असणार.

सर बर्फाच्या पेटीवर बसले होते. स्पर्धेने नेमलेल्या, शांत चेहऱ्याच्या डॉक्टरीणबाई पेन उघडून त्यांना समजावत होत्या की दिलेलं नाव बदलायचं तर डॉक्टरची चिठ्ठी लागते. चिठ्ठ्या आपण चारही लिहू, पण मग पळणार कोण?

"चार दुखणी आणि राखीव एक," सर इतकंच म्हणाले, आणि पेटीतला बर्फाचा खडा काढून स्वतःच्या कपाळावर धरला.

त्यावर चौघी जे भांडल्या ते ऐकण्यासारखं होतं. बारकी म्हणाली की ताईची कंबर काय, मलम चोळलं की उभी राहील, आपलं दुखणं आतलं आहे. ताई म्हणाली की कालपर्यंत तू दगड पचवत होतीस. शिडी म्हणाली, पाय माझा गेलाय, पळायचं पायाने असतं, बाकीच्यांचे पाय तर धड दिसतायत. रेडिओ खुणांनी सांगत होती की बॅटन देताना 'घे' असं ओरडायला लागतं, आवाजच नाही तर काय उपयोग. जिला तिला आपणच सगळ्यांत जास्त आजारी ठरायचं होतं. आणि प्रत्येकीच्या नजरेत बाकी तिघींबद्दल असा राग होता, की जणू आपली जागा कुणी हिसकावून घेतंय.

पाचवी हे बघत राहिली. भीती ओसरली आणि तिच्यातली आई जागी झाली. तिच्या लेकीला बालवाडीच्या दिवशी नेमाने पोटदुखी होई, त्यामुळे या विषयात तिचा हात बराच बसलेला होता.

ती बारकीशेजारी बसली. बेंबीखाली बोट ठेवून म्हणाली, इथं दुखतं? बारकी कळवळली, हो. मग गुडघ्याला बोट लावून, इथं? हो, तिथंही जातं. मग कोपराला. इथं? बारकी डोळे मिटून म्हणाली, तिथूनच तर सुरू होतं.

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं.

पाचवीने हातातल्या बाटलीचं झाकण ताईच्या पायापाशी पडू दिलं. ताईला पसारा कधी खपत नसे. ती कमरेत वाकली, झाकण उचललं, पुसलं, परत दिलं आणि मग तिचा हात पुन्हा कमरेवर गेला, पण उशीर झाला होता. रेडिओकडे न बघता पाचवी सरांना म्हणाली की आपल्याला म्हणे आठवी लेन दिलीय.

"कोण म्हणालं आठवी? सातवी आहे, मी स्वतः बघून आलेय, त्या फलकावर, दाराशेजारी," रेडिओ एका दमात म्हणाली, आणि मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

उरली शिडी. तिला काही करावं लागलं नाही. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या की बर्फ उजव्या पायावर आहे, पण ही आत आली ती डाव्या पायाने लंगडत.

आणि मग पाचवीला समजलं, काय चाललंय ते. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"मी किती घाबरले माहितेय?" ती म्हणाली. "आणि हे सगळं माझ्यासाठी? लिंबूटिंबू करून खेळवताय मला? तसं पळायचं असतं तर छोटीबरोबर अंगणात पळाले असते."

बाकीच्या तिघींनी माना खाली घातल्या. ताईने घातली नाही.

"लिंबूटिंबूच्या हातून कुणी बॅटन घेतं का गं?" ती म्हणाली. "वर्षभर सरावात तू सगळ्यांच्या जागी पळतेस. तू देतेस तेव्हा मी मागे वळून बघत नाही. हात मागे केला की बॅटन हातात असतं. शिडी देते तेव्हा बघते."

"बघतेस?" शिडी ताडकन उभी राहिली, दुखऱ्या पायावर.

"दरवेळी."

सर इतका वेळ बोटं मोजत होते. अटी कानावरून गेल्या होत्या, त्या आता कुठे कानात शिरत होत्या. ते हळूच म्हणाले की शिडी दोन दिवसांपूर्वी एकटीची दोनशे मीटर धावली आहे, म्हणजे तिचे उतरल्याचे पैसे पक्के झालेत. बाकी तुम्ही तिघी दुसरं काहीच धावला नाहीत. म्हणजे तुमच्यापैकी कुणी बसली असती, तर तिचे पैसे गेले असते. हे ठाऊक होतं ना? ताई म्हणाली, ठाऊक होतं. बारकी म्हणाली की तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं, यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. रेडिओ पुन्हा मुकी झाली.

"अगं, एकमेकींशी बोलला असतात तर एकच दुखणं पुरलं असतं," सर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी खोटी चिठ्ठी लिहायला साफ नकार दिला. पण शिडीच्या दोन्ही मांड्या त्यांनी नीट दाबून पाहिल्या, तर दोनशे मीटरच्या दमणुकीने त्या खरोखरच दोरासारख्या ताठ झाल्या होत्या. 'आज विश्रांती आवश्यक,' असं त्यांनी लिहिलं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. शिडीलाच त्याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटलं.

पाचवी अजून फुरंगटलेलीच होती. पण बाहेर त्यांच्या फेरीचा पुकारा झाला. तिने पायांकडे पाहिलं. खिळ्यांचे बूट होतेच, नाड्या आवळलेल्या होत्याच.

तिसरा टप्पा वळणाचा. ती वळणाच्या तोंडाशी उभी राहिली, तेव्हा जगातले सगळे आवाज कुणीतरी पिशवीत भरून नेल्यासारखे झाले. मग लांबून रेडिओ येताना दिसली, खुणेची पट्टी ओलांडताना दिसली, आणि ही सुटली. "घे" असा सबंध मैदानाला ऐकू जाणारा आवाज आला, गळा ठणठणीत होता, आणि तळहातात बॅटन टेकलं. वळण कसं सरलं तिला कळलं नाही. समोर ताईची पाठ होती. ताईचा हात मागे आला, उघडा, स्थिर. ताईने वळून पाहिलं नाही.

तिसऱ्या आल्या. अंतिम फेरीत शिरायला तेवढं पुरलं, अगदी घासून.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. आधी तो नुसताच हसत होता, मग नुसताच नाक ओढत होता. मामांना कळवलं, यंदा दुकानात येत नाही म्हणून, असं म्हणाला. आणि छोटी? छोटीला काही पटलं नाही. ती अजून पिशव्यांच्या मागे शोधतेय.

अंतिम फेरीच्या सकाळी सरांनी पाचही जणींना समोर बसवलं. आता पैशाचा प्रश्न नव्हता, सगळ्यांचे पाय ट्रॅकवर पडून झाले होते. शिडीच्या मांड्या मोकळ्या झाल्या होत्या. ती पाचवीपेक्षा वेगवान होती, हे पाचवीसकट सगळ्यांना माहीत होतं. सरांनी पेन काढलं आणि विचारलं की कुणाचं काही दुखतंय का.

कुणाचंच काही दुखत नव्हतं. बारकीचं पोट लोखंडाचं होतं. ताईची कंबर कधी नव्हे इतकी ताठ होती. रेडिओ म्हणाली की तिला इतकं छान आयुष्यात वाटलं नव्हतं, आणि पुढेही बोलत राहिली. शिडी छताकडे बघत होती.

पाचवीच्या पोटात मात्र पहाटेपासून पीळ पडत होता. खरा, कळवळायला लावणारा. एक शब्द बोलली असती तर जागा जिची होती तिला परत गेली असती, सगळं रीतसर झालं असतं, आणि तिच्या चांगुलपणाचे चार दिवस गोडवे गायले गेले असते. तो शब्द जिभेच्या टोकापर्यंत आला. तिने तो गिळला. आपल्यात इतकी हाव आहे हे तिला आजवर माहीत नव्हतं. आणि मजा म्हणजे, तिला त्याची लाजही वाटेना.

"नाही सर," ती म्हणाली. "काही नाही."

सरांनी कालचीच चार नावं लिहिली. बॅटनची देवाणघेवाण जमलीय, तिला हात लावायचा नाही, असं पुटपुटले.

"सर, आता दुखतंय मला," शिडी म्हणाली.

"कुठं?"

"ते नाही सांगता यायचं."

सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग शिडी उठली आणि तिने बाटल्यांची पिशवी उचलली. ती उलटी धरली होती. दोन बाटल्या घरंगळत बाकाखाली गेल्या, आणि एवढी उंच मुलगी गुडघ्यांवर बसून त्या शोधू लागली. पाचवी मदतीला वाकली. वाकताना पोटात अशी कळ आली की तिने ओठ दाताखाली धरला.

"काय गं, चेहरा का असा?" बाकाखालून शिडीने विचारलं. "दुखतंय का काही?"

"छे," पाचवी म्हणाली, आणि बाटली तिच्या हातात देऊन झटकन सरळ उभी राहिली.