सोवळ्याच्या लुगड्यावरील उलटा माड

सुज्ञ वाचकहो, खोलगट आरशाच्या अंगी समोरील वस्तूची प्रतिमा उलटी करून फेकण्याची जी शक्ती असते, तिच्यामुळे डोंबिवलीतील एका संसारावर कोणता प्रसंग ओढवला, ते मी येथे यथामती निवेदन करीत आहे.

सन एकोणीसशे बावन्नच्या हिवाळ्यात त्र्यंबक बिवलकर याच्या मातोश्री विमलाबाई यांचे सोवळ्याचे लुगडे जळू लागले. ते घरातच उंच वलणीवर वाळे. काठीने घालावयाचे, काठीनेच काढावयाचे. कोणी शिवावयाचे नाही. तरीही सकाळच्या प्रहरी पदराला मसुरीएवढी काळी भोके पडत. त्या वेळी त्र्यंबक कचेरीच्या वाटेवर आणि मातोश्री देवघरात असत. माजघरात उरे ती नवी सून, उत्तरा.

"हात लावत नाही रे ती," विमलाबाई मुलाला हळूच म्हणाल्या. "नुसती बघते."

त्र्यंबकाने हे हसण्यावारी नेले खरे. पण त्या दिवसापासून उत्तरेची नजर वलणीकडे गेली की तो पदरावर नवे भोक शोधू लागे. अखेर, रविवारी तुला कल्याणास माहेरी पोचवतो, ट्रंक भर, असे त्याने तिला सांगितले. तिने कारण विचारले नाही. तोही त्याने पुरावाच मानला.

रविवारी सकाळी, ठाण्याहून नुकत्याच आणून माजघरात खिडकीसमोर, वलणीजवळच्या भिंतीवर टांगलेल्या, चेहरा भोपळ्याएवढा दाखविणाऱ्या गोल आरशात त्याने दाढी केली, बाजारात जातो म्हणून तो निघाला आणि परसदाराने परतून माजघराच्या दाराच्या फटीशी उभा राहिला.

उत्तरा दूर कोपऱ्यात तांदूळ निवडीत होती. तिची मान खालीच होती. पण लुगड्याच्या पदरावर चिमुकला माड उगवला होता, शेंडा खाली, बुंधा वर! इतक्यात खिडकीबाहेरील खऱ्या माडाआडून सूर्य निघाला. पदरावरील माडाशेजारी एक तेजस्वी ठिपका उमटला आणि तेथून धूर निघू लागला.

त्र्यंबक धावला. एका हाताने त्याने पदर चुरगाळून विझविला. दुसरा हात भिंतीवरील आरशावर पडला, तोच माड नाहीसा झाला. हात काढला, माड पुन्हा आला. मग त्याने आरसा भिंतीकडे तोंड करून टांगला.

"शिवलास ना लुगड्याला?" देवघरातून आलेल्या विमलाबाई म्हणाल्या. त्याने सारे समजावले, तरी त्या आरशाकडे आणि सुनेकडे आळीपाळीने पाहत राहिल्या.

उत्तरा सुपातून मान वर न करता म्हणाली, "ट्रंक मी भरली. रिकामी तुम्ही करा."

त्र्यंबक खाली बसला आणि एकेक पातळ बाहेर काढू लागला.

येथवर वाचण्याचे कष्ट घेतलेत, याबद्दल आपला अत्यंत ऋणी,
आनंदा धोंडू भोईर, ठाकुर्ली